सांगून टाकलेलं बरं

अप्पांना जुनी सायकल विकायची होती. गिऱ्हाईक आलं, त्यानं गल्लीत दोन फेऱ्या मारून पाहिल्या, भाव ठरला, त्याचा हात खिशात गेला आणि अप्पा म्हणाले, "थांबा. सांगून टाकलेलं बरं." मग सगळं निघालं. मागच्या चाकाच्या तीन तारा बदललेल्या आहेत, सीट मूळची नाही, घंटी वाजते पण पावसाळ्यात वाजत नाही, आणि एकदा अप्पांचा मेहुणा या सायकलवरून गटारात पडला होता. चूक सायकलची की मेहुण्याची, याचा निकाल घरात अजून लागलेला नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "घरी विचारून येतो." ते अजून विचारतंय.

लपवणारी माणसं गावोगाव असतात. दुसऱ्याचं सांगत सुटणारी तर प्रत्येक ओट्यावर असतात. पण स्वतःचं, स्वतःच्या तोट्याचं, कोणी विचारलेलं नसताना, तारीखवार सांगणारा माणूस दुर्मीळ. बुऱ्हाणपुरात असा एक आहे आणि तो माझ्या गल्लीत राहतो. माणूस देवासारखा आहे असं गल्लीचं मत आहे. फक्त त्याला कुठे साक्षीला नेऊ नये.

अप्पांच्या मुलीला पाहायला अमळनेरची मंडळी आली होती, तेव्हा मी पोह्यांच्या बशा फिरवायला हजर होतो. एरवी मुलीचा बाप "मुलगी गुणी आहे, तुमच्या घरात मिसळून जाईल" असं म्हणतो. अप्पा म्हणाले, "मुलगी रागीट आहे. आईवर गेलीय. सकाळी सातच्या आत तिच्याशी बोलू नये. भाकरी येते, पण गोल येईलच असं नाही." आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. अप्पा शांतपणे म्हणाले, "ही तिची आई." वरपिते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "वर्षभर मुली बघतोय. आज पहिल्यांदा कोणीतरी खरी मुलगी दाखवली." लग्न जमलं. तेव्हापासून अप्पांना वाटतं की आपली पद्धत बरोबर आहे. सायकलचं उदाहरण ते मोजत नाहीत.

हा स्वभाव आला रेल्वेतून. सगळी नोकरी मालधक्क्यावर आणि नुकसानभरपाईच्या टेबलावर गेली. रेल्वेच्या बिल्टीवर मालाच्या नावाआधी 'सेड टू कन्टेन' असं लिहिलेलं असतं. पाठवणारा म्हणतो यात काचसामान आहे. रेल्वेनं उघडून पाहिलेलं नाही, रेल्वे हमी देत नाही. पुढे पेटी फुटली की आत नसलेल्या कपबश्यासुद्धा फुटल्याचा दावा यायचा. पोत्यातली हळद भिजली की तिचं वजन पाठवतानाच्या वजनापेक्षा जास्त भरायचं. अशा 'म्हणे'वर आयुष्य काढलेला माणूस निवृत्त झाला आणि उलटा वागू लागला. समोरच्यानं विचारायच्या आत आपली पेटी आपणच उघडून दाखवायची.

माझा धंदा जनरल इन्शुरन्सच्या एजन्सीचा, बसायची जागा शनवाऱ्याला. मोटारसायकली, दुकानं, लूमच्या आगीच्या पॉलिस्या. मरीनसुद्धा भरपूर करतो. समुद्र नसलेल्या गावात मरीन कसलं, असं बाहेरचे विचारतात. आमच्याकडे मरीन म्हणजे ट्रक. लूमचं कापड, कापसाच्या गाठी असा माल रस्त्यानं निघाला तरी त्याचा विमा मरीन खात्यातच लिहिला जातो. मी इतकी वर्षं मरीन विकतोय, पण माझ्या एकाही मरीनला कधी पाणी लागलेलं नव्हतं. लागलं तर क्लेम यायचा.

आणि अप्पांनी बोट घेतली.

साधी डोंगी नव्हे. शिडाची, सागवानी फळ्यांची, खाली तीन फुटी दांडा असलेली जुनी याट. मुंबईला कोणाच्या तरी शेडमध्ये पडून होती. विकणाऱ्यानं काही लपवायचा प्रश्नच नव्हता, कारण अप्पांनी त्याला बोलूच दिलं नाही. बोटीतले दोष हेच त्याला दाखवत राहिले आणि शेवटी त्यानंच ओशाळून भाव उतरवला. ट्रकवर घालून कसाऱ्याच्या घाटातून ती बुऱ्हाणपूरला आली. ट्रकचा मरीन विमा मीच केला होता. बोट ट्रकवर असेपर्यंत ती माझ्या ओळखीच्या प्रदेशात होती. राजघाटावर तिला पाण्यात सोडली, नाव ठेवलं 'सूर्यकन्या', आणि माझा प्रदेश संपला.

बोट काठाला बांधलेली नाही. नदीच्या तळाशी जिनिंगमधलं जुनं लोखंडी चाक पुरलंय, त्याला साखळी, साखळीला भिंगरी, वर निळं प्लॅस्टिकचं पिंप, आणि पिंपाला बोटीचं फक्त नाक बांधलेलं. बाकी बोट मोकळी. वारा आणि पाणी नेतील तशी ती त्या पिंपाभोवती फिरते. समुद्रावर भरती-ओहोटी असते, तिथं अशा बोटी दिवसातून चार वेळा तोंड फिरवतात. तापीला ओहोटी माहीत नाही. 'सूर्यकन्या' महिनोन्‌महिने मुलताईकडे तोंड करून उभी असते. वैशाखात पश्चिमेचं गरम वारं सुटलं की तेवढी वळते. घाटावर कपडे धुणाऱ्या बायका तिच्याकडे बघून वारा ओळखतात. अप्पांच्या बोटीचा गावाला झालेला उपयोग तो एवढाच.

एक दिवस अप्पा माझ्याकडे आले. "बोटीचा विमा करायचाय."

मी म्हटलं, "अप्पा, गेटवेसमोरच्या शिडाच्या बोटीसुद्धा पावसाळ्याआधी किनाऱ्यावर काढून ठेवतात. तुमची भर पुरात नदीत. कोण करेल विमा?"

"ते त्यांना ठरवू दे. आपण सांगायचं काम करायचं."

त्यांना वाटेला लावावं म्हणून मी १९६३ चा सागरी विमा कायदा त्यांच्या हातात दिला. जाडजूड कागद पाहून माणूस आपोआप मोटारसायकलीच्या विम्यावर येतो, असा माझा अनुभव. अप्पा ते घेऊन जिलेबीच्या दुकानात बसले. आमच्याकडे माव्याची जिलेबी मिळते, काळीभोर, जाड. एक खाल्ली की दुपारचं जेवण टळतं. तासाभरानं मी गेलो तर जिलेबी तशीच होती आणि अप्पांचे डोळे भरून आले होते.

"हे वाचलंस?" कलम १९ वर त्यांचं बोट होतं. सागरी विम्याचा करार परम सद्भावावर उभा असतो. एकानं तो पाळला नाही तर दुसऱ्याला करार मोडता येतो. त्याखाली कलम २०. विमा घेणाऱ्यानं आपल्याला ठाऊक असलेली प्रत्येक महत्त्वाची गोष्ट करार होण्याआधी स्वतःहून सांगितली पाहिजे. महत्त्वाची कोणती? जी ऐकून शहाणा विमेवाला हप्ता वाढवील, किंवा विमा घ्यायचा की नाही याचा विचार करील, ती.

"आयुष्यभर सगळे मला म्हणाले, अप्पा गप्प बसा," ते म्हणाले. "आणि इथं संसदेनं कायदा करून सांगितलंय की बोला."

मी त्यांना त्यामागचं कारण सांगितलं. जहाज दूर असतं. सतराव्या शतकात लंडनमध्ये एडवर्ड लॉइडच्या कॉफीच्या दुकानात बसून सावकार जहाजांचे विमे लिहायचे. जहाजाच्या तळाला भोक आहे की नाही ते मालकालाच ठाऊक. म्हणून सांगायची जबाबदारी मालकावर. १७६६ साली तिथले न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी हे तत्त्व एका खटल्यात मांडलं. तो खटलाही जहाजाचा नव्हता; सुमात्रा बेटावरचा इंग्रजांचा किल्ला शत्रूनं घेतला तर, असा तो विमा होता. काढणारा खुद्द किल्ल्याचा गव्हर्नर.

"किल्ल्याचा विमा!" अप्पा हरखले. "म्हणजे अकबरानं १६०१ साली असीरगड घेतला तेव्हा फारुकींनी पॉलिसी काढलेली असती तर?"

"तर क्लेम अजून पेंडिंग असता."

मी इरेला पडून जोखमी हुंडीचंही सांगितलं. आमच्या गावचं कापड मोगलाईत बैलगाड्यांनी सुरतेला आणि तिथून जहाजानं परदेशी जायचं. तुर्कस्तान, इराण, पार पोलंडपर्यंत जातं, असं ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानं लिहून ठेवलंय. अशा मालावर आपल्याकडचे व्यापारी जोखमी हुंडी काढायचे. जहाज पोचलं तर हुंडी वटली. बुडालं तर हुंडी घेणाऱ्याचे पैसे बुडाले. अप्पांनी एकच विचारलं, "आणि व्यापारी हुंडी घेणाऱ्याला जहाजाचं सगळं खरं सांगायचे?" मला उत्तर देता आलं नाही. व्यापारी माझेही आहेत.

प्रपोजल फॉर्म चार पानांचा. शेवटी एक ओळ असते, 'अन्य कोणतीही माहिती'. तिथं लोक आडवी रेघ मारतात. अप्पांनी तिथं 'सोबत जोडली आहे' असं लिहिलं आणि पुरवणी जोडली. पुरवणीला अनुक्रमणिका होती.

वयाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं की बोटीचं वय कागदावर आहे त्यापेक्षा जास्त असावं असा संशय आहे, कारण एका फळीवर जुन्या रंगाचे सात थर निघाले आणि सातव्या थराखाली आणखी एक नाव दिसलं. ते वाचता येत नाही, पण नाव बदललेली बोट खलाशी अपशकुनी मानतात, हे कळवणं कर्तव्य. इंजिनाच्या रकान्यात: आहे, चालत नाही. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यंत्रानं चालणाऱ्या बोटींना विमा सक्तीचा आहे. ही बोट यंत्र असलेली पण यंत्रानं न चालणारी असल्यामुळे ती कायद्यात बसते की नाही, याबद्दल मार्गदर्शन व्हावं. साखळीचं तर त्यांनी चित्रच काढलं होतं. साखळी सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे ती तळाच्या वाळूला टेकते आणि उचलते, तिथल्या कड्यांना वाळू कानशीसारखी लागते. अप्पांनी बुडी मारणाऱ्या पोराकडून ती कडी वर आणवली आणि व्हर्नियरनं मोजली. मूळची बारा मिलिमीटर, आता साडेनऊ. भिंगरी फिरते, पण कुरकुरते.

मग उंदीर. कायद्याच्या कलम ५५ मध्ये स्वच्छ लिहिलंय की पॉलिसीत वेगळं म्हटलं नसेल तर नेहमीची झीज आणि उंदीर-घुशींनी केलेलं नुकसान विमा कंपनी देत नाही. अप्पांनी लिहिलं, "बोटीवर एक उंदीर आहे. एकच आहे असा समज आहे. भरपाईची अपेक्षा नाही, फक्त ओळख करून देत आहे."

पुढचा परिच्छेद मी त्यांना तीन वेळा काढायला सांगितला. तो असा: "माझ्या पत्नीची ही बोट बुडावी अशी इच्छा आहे. ती तिनं चार लोकांसमोर बोलून दाखवली आहे. बोटीत तिच्या पाटल्यांचे पैसे आहेत, म्हणून तिचाही या मालमत्तेत हितसंबंध समजावा. मात्र तो बोट तरंगण्यात आहे की बुडण्यात, ते सांगता येत नाही. ती स्वतः दोर सोडणार नाही, कारण तिला पाण्याची भीती वाटते. धोका कमी करणारी बाब न विचारता सांगणं कायद्यानं आवश्यक नाही, तरी सांगितली आहे."

काकूंना वाचून दाखवलं. मला वाटलं, आता भांडं आपटणार. काकू म्हणाल्या, "बरोबर लिहिलंय. सही कुठे करू?"

बोट सुटली तर कुठे जाईल याचाही नकाशा होता. आधी भुसावळजवळचं हतनूर धरण. त्याला ४१ दरवाजे. "पुरात बहुधा सर्व उघडे असतात, बोट कितव्या दरवाजातून जाईल ते आज निश्चित सांगता येत नाही." मग प्रकाशा, मग उकाई, मग सुरत, मग समुद्र. खाली टीप: "ऑगस्ट २००६ मध्ये सुरतेत जो महापूर आला त्यात माझ्या बोटीचा हात नव्हता. तेव्हा ती घेतलेली नव्हती."

शेवटचं प्रकरण होतं 'जागेचा पूर्वेतिहास'. मी कपाळावर हात मारला, पण अप्पांचा मुद्दा पक्का होता. सागरी पॉलिसीच्या जुन्या मजकुरात चाचे, लुटारू, जप्ती आणि राजेरजवाड्यांकडून होणारा अटकाव हे धोके नावानिशी येतात. मग राजेरजवाड्यांच्या बाबतीत ही जागा कशी आहे, ते विमेवाल्याला कळायला नको? त्यांनी कळवलं. १६२२ साली शहाजादा खुसरो या गावी कैदेत मेला. १६२६ साली शहाजादा परवेझ इथंच गेला. १६३१ साली मुमताजमहल इथंच बाळंतपणात वारली, आणि आग्र्याला नेईपर्यंत तिला नदीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात पुरलं होतं. बोटीवरून ती बाजू दिसते. १६६७ साली पुरंदरचा तह करून घेणारे मिर्झाराजे जयसिंग इथंच वारले, बोहरड्याला त्यांची छत्री आहे. १६८१ साली संभाजीराजांच्या फौजेनं बहादूरपुरा लुटला. "लूट आमच्याच लोकांनी केली असल्यामुळे हे लिहिताना अभिमान वाटतो, पण विम्याच्या दृष्टीनं तो प्रतिकूल मुद्दा समजावा."

ही पुरवणी मी शाखाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवली. साहेब मूळचे सागरचे. सागराशी त्यांचा संबंध एवढाच. फायली न वाचता सही करण्याचा त्यांचा वेग कार्यालयात आदरानं सांगितला जातो. त्यांनी पहिलं पान उलटलं, मग दुसरं, मग चहा मागवला, मग दार लावून घ्यायला सांगितलं. वाचून झाल्यावर म्हणाले, "भाईसाब, यह नाव का प्रपोजल है या शहर का पोस्टमॉर्टम? जान का बीमा होता तो मैं शाहज़ादों वाला पन्ना पढ़कर ही मना कर देता. नाव तो फिर भी बची हुई है."

मी म्हटलं, "साहेब, नाही म्हणून टाका. मीही सुटतो."

"कैसे कह दूँ? रिजेक्ट करने का कारण लिखना पड़ता है. सारे कारण तो इन्होंने खुद लिख दिए. मैं क्या लिखूँ?"

अप्पाही येऊन बसले. त्यांनी एकच शंका काढली. "कायद्यात तो शहाणा विमेवाला म्हणतात, तो आपल्याकडे कोण?" साहेबांनी जरा विचार करून सांगितलं, "थे एक. भोपाल ट्रांसफर हो गए."

जुन्या लाकडी बोटीला पाण्याबाहेर काढून तपासणी लागते. इतर ठिकाणी त्यासाठी क्रेन आणावी लागते. आमच्याकडे मे महिना येतो. तापी आटली, 'सूर्यकन्या' वाळूवर कलंडली आणि इंदूरहून सर्व्हेअर आला. बिचाऱ्याची हयात जळालेले लूम आणि उलटलेले ट्रक बघण्यात गेलेली. पण त्यानं अभ्यास केला होता. बोटीची फळी बारीक हातोडीनं ठोकत जायची. निरोगी लाकूड खणखणतं, कुजलेलं भद्द वाजतं. त्यानं हातोडी काढली आणि थबकला. सगळ्या बोटीवर खडूनं वर्तुळं काढलेली होती, आत आकडे. "एक नंबरपासून सुरू करा," अप्पा म्हणाले. "पाच आणि नऊ जास्त वाईट आहेत. अकरा नंबरला सांध्यातली कापसाची दोरी मी स्वतः ठासली आहे, ती नीट बसलेली नाही." सर्व्हेअर म्हणाला, "काका, मला काहीतरी शोधू द्या ना." त्यानं तासभर शोधलं. वर्तुळाबाहेर त्याला काही सापडेना. शेवटी वाळूतल्या वाडीतलं टरबूज फोडून खाल्लं आणि अप्पांच्याच पुरवणीवर 'तपासले, बरोबर आहे' असं लिहून तो इंदूरच्या बसला बसला.

किमतीवर घासाघीस झाली. अशा पॉलिसीत बोटीची किंमत आधी ठरवून लिहितात. पुढे बोट पूर्ण गेली तर ठरलेली रक्कम मिळते. म्हणून मालक किंमत चढवतो आणि कंपनी उतरवते. इथं साहेब म्हणाले, "तीन लाख लिख दें?" अप्पा म्हणाले, "छे! भंगारवाल्यानं लोखंडासकट चाळीस हजार सांगितलेत." "साग की लकड़ी है, दो तो लिखिए." "कुजलीय. पाच नंबर बघा." साहेब वर ओढत होते, अप्पा खाली. दीड लाखावर सौदा ठरला. अप्पा घरी जाताना म्हणाले, "फसवल्यासारखं वाटतंय रे." कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

पॉलिसी आली. अप्पांनी जे जे सांगितलं होतं, ते ते कंपनीनं वगळलं होतं. साखळीची झीज वगळून. पाच आणि नऊ नंबरच्या फळ्या वगळून. इंजिन वगळून. उंदीर, सध्याचा व भावी, वगळून. पत्नीची इच्छा वगळून. हतनूरचे ४१ दरवाजे वगळून. पुराचं तर मोठं टिपण होतं. सागरी धोका म्हणजे अकस्मात अपघात, वारा-लाटांचं नेहमीचं वागणं त्यात धरत नाहीत, असा कायद्याच्या परिशिष्टात नियम आहे. आणि अप्पांनीच विचारून ठेवलं होतं, की तापीला दरवर्षी पूर येतो, तर तो अकस्मात धरावा की नेहमीचा? कंपनीनं तो नेहमीचा धरला. मी हिशेब केला तर उरले फक्त चाचे आणि राजेरजवाडे.

मी चिडलो. "अप्पा, गप्प बसला असता तर निदान निम्मं तरी मिळालं असतं. आता पैसे कशाचे भरायचे?"

अप्पा पॉलिसी पुन्हा पुन्हा वाचत होते, प्रसन्न. "अरे, बरोबर केलंय त्यांनी. जे मला माहीत आहे त्याचा बंदोबस्त मी करायचा. जे मला माहीत नाही, त्याचा विमा."

आणि त्यांनी खरोखर बंदोबस्त केला. झिजलेली कडी लिहून दिल्यापासून ती त्यांना रात्री डोळ्यांसमोर दिसायला लागली होती. त्यांनी साखळी बदलली. पाच आणि नऊ नंबरच्या फळ्या बदलल्या. भिंगरीला ग्रीस भरलं. प्रत्येक दुरुस्तीनंतर मूळ पुरवणीला पुरवणी जोडून कंपनीला कळवलं. उंदीर मात्र सापळ्यात आला नाही. मांजर बोटीवर नेलं, ते पाणी बघून अप्पांच्या खांद्यावरून उतरेना. तेही कळवलं.

भाद्रपदात तापी चढली. राजघाटाच्या पायऱ्या एकेक करत गेल्या. रात्री आम्ही दोघं वर उभे, बॅटऱ्या घेऊन. ओंडके वाहून येत होते, कोणाचं छप्पर गेलं, काठाच्या चार डोंग्या गेल्या. निळं पिंप पाण्याखाली दडपलं जाई आणि पुन्हा उसळून वर येई. त्याच्यामागे 'सूर्यकन्या' नाक धरून उभी. सकाळी पाणी उतरलं तेव्हा ती जागच्या जागी होती, फक्त तिच्या डेकवर केळीचा एक अख्खा घड येऊन पडला होता. अप्पांनी तो मोजून ठेवला. मालक मिळेना, तेव्हा घाटावर वाटला.

त्या आठवड्यात माझ्याकडे क्लेम सुरू झाले. ज्यांची दुकानं टेकडीवर होती त्यांच्याही मालात पाणी शिरलं होतं. एका दुकानातल्या भिजलेल्या साड्यांची संख्या त्या दुकानात मावणाऱ्या साड्यांपेक्षा जास्त होती. या गठ्ठ्यात अप्पांचंही एक पत्र होतं. विषय: नुकसान न झाल्याबाबत. मजकूर: "पुरात बोटीचं काहीही नुकसान झालेलं नाही. मात्र सांगून टाकलेलं बरं, की मध्यरात्री अडीचच्या सुमारास, पाणी सर्वांत जास्त असताना, ही बोट एकदाची गेली तर बरं, म्हणजे सुटलो, असा विचार माझ्या मनात आला. तो साधारण अर्धा मिनिट टिकला. म्हणजे आता या घरात बोट बुडावी असं वाटणारी माणसं दोन झाली. पुढील हप्ता ठरवताना याचा विचार व्हावा."

साहेबांनी पत्र वाचलं. बाजूला साड्यांची फाइल होती. दोन्हींकडे आलटून-पालटून पाहत ते बराच वेळ बसले. मग मला म्हणाले, "सुनिए. रिन्यू कीजिए. फ्लड कवर भी डाल दीजिए. और कभी इनका क्लेम आए, तो सर्व्हेयर मत भेजना. यह आदमी जो लिख दे, वही सर्व्हे है."

विम्याच्या धंद्यात मी यापेक्षा मोठं प्रमाणपत्र ऐकलेलं नाही. धावत जाऊन अप्पांना सांगितलं. काकूंनी आतून दराबा आणला. अप्पांनी वाटी हातात घेतली, चमचा उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"सर्व्हेअर नको म्हणाले?"

"नको म्हणाले."

"असं कसं? ठराविक रकमेच्या वरच्या क्लेमला परवानाधारक सर्व्हेअर लागतोच. विमा कायदा, कलम ६४ यूएम." त्यांनी वाटी खाली ठेवली आणि चष्मा शोधायला लागले. "चांगला माणूस आहे रे, पण हे नियमाबाहेर होतंय. आपल्याला कळलंय म्हटल्यावर गप्प बसता येणार नाही. वरच्या ऑफिसचा पत्ता दे. पिनकोडसकट."